दोन बादल्या

श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायचा म्हटले की आपण सारे कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतो. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, राबून शिकण्याची वाट दाखवली, हे परीक्षेपुरते ठाऊक असते. प्रत्यक्ष बादली उचलायची वेळ आली की मात्र लेखणी अडखळते!

मित्रहो, गेले वर्षभर मी कॉलेजच्या तासांपूर्वी दारोदार जाऊन मोटारी धुतो. कुणाला हा धंदा करावासा वाटला, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. येथे भांडवलापेक्षा रीत महत्त्वाची. बादल्या दोन हव्यात : एक साबणाची, दुसरी फडके खळबळण्याची. एकाच बादलीत भागवले, तर फडक्यातली वाळू रंगावर चरे पाडते. गाडी सावलीत धुवावी. उन्हात साबण वाळून डाग राहतात. सुरुवात टपापासून करावी. चाकांचे फडके निराळे ठेवावे. भांड्यांचा साबण वर्ज्य. तो रंगावरचा मेणाचा थर उतरवतो. जुने चरे मालकाला आधीच दाखवावेत. आणि दर काम सुरू करण्यापूर्वी सांगावा, मान वर करून.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. लोकांची धुणीभांडी करणारी आई म्हणाली, "बादली सुटावी म्हणून तर तुला शिकवलं!" तिचे दुःख खरे आहे. पण तिच्या कामाचा दर आजवर मालकिणींनी ठरवला. माझा मी ठरवतो. शिक्षणाने बादली सुटली नाही, पण तिचे मोल सांगायला तोंड फुटले.

गेल्या महिन्यात आईनेही पहिल्यांदाच पगार वाढवून मागितला.