यंत्राचं आणि बघणाऱ्याचं

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातले सहा, सात आणि आठ क्रमांकाचे संच प्रत्येकी 250 मेगावॅटचे. अशी एकसारखी यंत्रं असली की ती चालवण्याच्या स्क्रीन बनवणाऱ्याला पंप पुन्हापुन्हा काढावा लागत नाही. एक साचा करायचा आणि जागोजागी लावायचा. 1963 मध्ये आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ या चित्र काढायच्या संगणक प्रोग्राममध्येच मूळ चित्र बदललं की त्याच्या नकला आपोआप बदलत. पुढे नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांच्या ‘सिम्युला 67’ या प्रोग्रामिंगच्या भाषेत असाच साचा क्लास म्हणून आला.

माझं काम याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या स्क्रीनचं. साच्याची हौस इथे लवकर अंगाशी येते. सगळ्या मोटर्सचा एक पूर्वज, त्याचा व्हीएफडीवाला (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) मुलगा, त्याचा उलटा फिरणारा नातू. रात्री ऊस वाहून नेणारा केन कॅरियर थांबला की ही वंशावळ वाचायला इलेक्ट्रिशियनला सवड नसते. म्हणून मी भाग जोडतो. ड्राइव्ह आहे तिथे ड्राइव्हचा, लिमिट स्विच आहे तिथे त्याचा.

2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. यंत्रं धडधाकट होती. माझ्या साच्यात ‘बंद’ आणि ‘ट्रिप’च्या जोडीला ‘सेवेबाहेर’ ही स्थिती असते ती अशा वेळांसाठी. तिच्यात अलार्म वाजत नाहीत. कारखाना तर गळीत हंगाम सरला की कितीतरी महिने असाच उभा असतो.

साचा जमला तरी कुठली माहिती यंत्राची आणि कुठली बघणाऱ्याची, हे ठरवायचं राहतंच. बॉयलरच्या ड्रमची पातळी यंत्राची. ती कंट्रोल रूममध्ये आणि चीफ केमिस्टच्या मोबाइलवर एकच दिसायला हवी. भाषा, उघडलेलं पान, ट्रेंड किती तासांचा, हे ज्याचं त्याचं, म्हणजे सेशनचं. एका ठिकाणी साखर शिजवायच्या पॅनपैकी ‘निवडलेला पॅन’ सामायिक टॅगमध्ये, म्हणजे सगळ्या स्क्रीनच्या एकाच नोंदीत, ठेवलेला पाहिला. वर पॅन फ्लोअरवर कुणी तीन नंबर निवडला की खालच्या स्क्रीनवरही तीनच उघडे. दोन नंबरची वाफ कमी करायला निघालेला माणूस तीनचा व्हॉल्व्ह आवळून बसायचा. एकट्याने टेबलावर तपासताना हा दोष दिसतच नाही. दोन स्क्रीन शेजारी लावून दोघांनी भांडावं लागतं.

सेटपॉइंटही एंटर दाबेपर्यंत सेशनचाच. 85 लिहिताना नुसता 8 यंत्रापर्यंत पोचला तर काय होईल ते सांगायला नको. अलार्म कुणीही स्वीकारला की तो सगळ्यांसाठी स्वीकारलेला. भोंगा मात्र मी त्या त्या खोलीपुरताच गप्प होऊ देतो. यावर सहकाऱ्यांशी माझे वाद आहेत, आणि ते चालू राहोत.

वेबच्या दुनियेत माणूस उठून गेला की थोड्या वेळाने सेशन संपतं. हंगामात कंट्रोल रूमची स्क्रीन कधी मिटतच नाही आणि तिन्ही पाळ्या त्याच खुर्चीत बसतात. सकाळी लॉगिन केलेल्याच्या नावावर रात्रीचे बदल नोंदले जातात, तो बिचारा घरी झोपलेला. काही मिनिटं हात लागला नाही की लॉगआउट करा, हा पुस्तकी उपाय इथे घातक. ड्रमची पातळी घसरत असताना पासवर्ड कोण आठवत बसेल? म्हणून बघणं कायम मोकळं आणि बदल करताना तेवढं नाव विचारायचं. आणीबाणीचं बटण स्क्रीनबाहेर, थेट तारेने जोडलेलं असतंच. पाळी बदलायला मी वर एक मोठं बटण देतो. ते दाबलं की आधीच्या माणसाचं नाव जातं आणि त्याने अर्धवट टाइप केलेले आकडेही पुसले जातात.