लेण्याद्रीची उलटी बाजू

नेरूळ, नवी मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

लाओसचा बेत वाचला. तीन रात्री लुआंग प्राबांग, दोन वांग विएंग, एक राजधानी व्हिएन्तियानला, आणि खाली तुझी ओळ: ‘तिथे बघण्यासारखं एवढंच आहे म्हणतात.’ म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी नकाशा उघड. ही तिन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. 3 डिसेंबर 2021 ला चीनच्या सरहद्दीपासून व्हिएन्तियानपर्यंत गाडी सुरू झाली आणि लुआंग प्राबांगचा दिवसभराचा घाटरस्ता दोन तासांवर आला. सोय मोठी झाली, पण गाडी जाते तेवढाच लाओस असा हिशेबही होऊन बसला. आकाराने हा देश महाराष्ट्राच्या पाऊणपट, माणसं पाऊण कोटीच्या आसपास. समुद्र नाही, पण मेकाँग आहे, आणि चीनकडून आलेले रूळ व्हिएन्तियानला थांबले तरी ती खाली वाहतच राहते. माझं म्हणणं एवढंच की वांग विएंगच्या दोन्ही रात्री काढून त्या खालच्या टोकाला, चंपासाकला दे.

लुआंग प्राबांगला मी नावं ठेवत नाही. 1995 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथलं सोळाव्या शतकातलं वात शिएंग थोंग, जमिनीपर्यंत उतरत आलेल्या छपरांसकट, डोळे भरून बघावं असंच आहे. (पहाटे भिक्षूंच्या रांगेपुढे मोबाइल धरून उभी मात्र राहू नकोस.) पण चंपासाकजवळचं वात फू 2001 मध्ये त्याच यादीत गेलं, तरी तुझ्या बेतात त्याचं नावही नाही. डोंगराच्या कुशीत चढत गेलेलं हे ख्मेर शिवमंदिर आहे. आज दिसतं ते बांधकाम बहुतांशी अकराव्या-बाराव्या शतकातलं, जागा मात्र पाचव्या शतकापासून पूजेतली. कारण तो डोंगर. त्याच्या माथ्यावर निसर्गानेच उभा केलेला सुळका आहे. लाओ लोकांना तो अंबाड्यासारखा दिसला, संस्कृत लेख कोरणाऱ्यांना लिंगासारखा, आणि डोंगराचं नाव पडलं लिंगपर्वत. देवळामागे कड्यातून झरा येतो. त्याचं पाणी दगडी पन्हळीने गाभाऱ्यात आणून लिंगावर अखंड सोडलेलं असे. आपण पिंडीवर गळती टांगतो, त्यांनी डोंगरच गळतीला लावला. पायथ्याच्या मैदानात, नदीकाठी सापडलेल्या पाचव्या शतकातल्या संस्कृत शिलालेखात देवानीक नावाचा राजा आपण स्थापलेल्या तीर्थाचं नाव सांगतो: कुरुक्षेत्र.

इथवर वाचून तुझी मान ताठ झाली असेल, तर तिथेच थांब. ‘आपली संस्कृती तिथवर पोचली होती’ हे वाक्य व्हॉट्सअॅपवर फार फिरतं, आणि वात फूला ते अपुरं पडतं. भारतातल्या कुठल्या राजाने हा मुलूख जिंकल्याचा पुरावा नाही. तिथल्या राजांनीच शिव आणि संस्कृत स्वीकारलं, तेही आधीपासून डोळ्यांसमोर असलेल्या डोंगराला बसवून. पुढे बौद्ध मत रुजलं तेव्हा लिंगाच्या जागी बुद्धमूर्ती आल्या, पण झऱ्याचं पाणी आजही पवित्र मानतात आणि साधारण माघी पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. आपल्याकडे याची उलटी बाजू आहे. लेण्याद्रीला बौद्ध विहारात गिरिजात्मज बसला, कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारात एकवीरा. नवी मुंबईतले आगरी-कोळी चैत्रात पालख्या घेऊन कार्ला चढतात, तेव्हा वाटेत लेणं कुणाचं होतं हे कुणी विचारत नाही. वात फूलाही कुणी विचारत नाही. हे सारखेपण मला शिलालेखातल्या कुरुक्षेत्रापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि त्यासाठीच ही वाट वाकडी करावी.

तू म्हणशील, मग अंगकोरलाच का नको? तिथेही विष्णूच्या देवळात बुद्ध आला, आणि ते कितीतरी भव्य आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. अंगकोरहून वात फूपर्यंत प्राचीन रस्ताही होता. पण अंगकोरला राजांनी सपाट जमिनीवर आपला मेरू रचला. वात फूला डोंगर आधीचा आणि देऊळ त्याच्या ओढीने आलेलं. पायऱ्या चढताना हे समजायला गाइड लागत नाही. गर्दीचं तर बोलायलाच नको. दुसरी अडचण सुरक्षिततेची, आणि ती खोटी नाही. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. न फुटलेले अजून जमिनीत आहेत, तेव्हा मळलेली वाट सोडून रानात शिरायचं नाही. पण बेतातल्या ज्या वांग विएंगला तू निर्धोक समजतेस, तिथे नोव्हेंबर 2024 मध्ये मिथेनॉलच्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. शाकाहाराचं मात्र खरंच अवघड आहे. आंबवलेल्या मासळीचं ‘पादेक’ भाजीतही पडतं. चिकट भात मिळेल, वेताच्या करंडीतून, हातानेच खायचा. सोबत लसणाची चटणी ने.

पाक्सेपर्यंत विमान जातं, तिथून चंपासाक मोटारीने तासाभरावर. आणखी एक काम तिकीट काढण्याआधी कर. उलव्याला नवा विमानतळ झाला, त्याच्याच पुढ्यात खाडीपलीकडे घारापुरी आहे. सहाव्या शतकातल्या त्या तीन मुखांना सगळे ‘त्रिमूर्ती’ म्हणतात. तो आहे एकटा सदाशिव. ब्रह्मा-विष्णू-महेशांची खरी त्रिमूर्ती वात फूच्या गाभाऱ्यामागे खडकात कोरलेली आहे. दोन्ही बघायच्या, तर आधी घरची बघ. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेव.

तुझा,
श्रीमामा