इनामगावचे रांजण

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या मौजे इनामगावी जाण्याचा योग आला तेव्हा ज्वारीची काढणी आटोपली होती आणि पांढरीच्या टेकाडावर उन्हाखेरीज पाहण्याजोगे काही उरले नव्हते. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या काळात येथे नांदलेल्या आद्य कुळवाड्यांची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात नाही. त्यांचा संसार उजेडात आणला तो सांकलिया, अन्सारी, ढवळीकर प्रभृती पुरातत्त्वज्ञांनी, १९६८ ते १९८३ या काळातील उत्खननाने. बंधारा घालून पाट काढणारी आणि सातू पिकवणारी ही माणसे होती. उतारावर पडलेले एक खापर मी उचलून टिचकीने वाजवून पाहिले, तो ते धातूसारखे खणकले; विटकरी अंगावर काळ्या रेघांची तिरकस जाळी अजून शाबूत होती. ते जागच्या जागी ठेवून मी पुण्याची वाट धरली.

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात त्याच जातीची, प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून नाव मिळालेली, तोटीची रंगीत भांडी पाहावयास मिळतात. ती चाकावर घडवलेली, पातळ आणि डौलदार. परंतु धान्याचा भार वाहणारे रांजण जाड, ओबडधोबड, हाताने थापलेले, आणि त्यांचा शृंगार म्हणजे गळ्याभोवतीच्या मातीच्या पट्टीवर बोटाने उमटवलेले ठसे, एवढाच. याच घडणीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत दगावलेले मूल निजवीत आणि घराच्या जमिनीखालीच ते पुरीत. सोबत मात्र रंगीत तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवण्यास विसरत नसत. बेगमीचे धान्य आणि पोटचे पोर, दोन्ही बिनरंगी मातीच्या हवाली करून त्यांनी रंग सोबतीला दिला होता.

ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडले, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, भांड्यांची माती भरड झाली आणि नक्षी विरळ होत गेली. कुंभांत मुले पुरण्याची चाल मात्र अखेरपर्यंत टिकली. अवर्षणाने त्या गावाचा रंग हिरावून घेतला, पण मुलाला घरातच ठेवण्याची आईबापांची ओढ त्यालाही हिरावता आली नाही.