थोरली पाती, धाकटी पाती आणि एक बेअरिंग

बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेषांमध्ये किंमत लिहिलेली असते, असं बहुतेक लोक धरून चालतात. तिथे किंमत नसते, नाव नसतं, वजनही नसतं. असतो तो फक्त तेरा अंकी क्रमांक. स्कॅनर तो वाचतो आणि दुकानाच्या संगणकात त्या क्रमांकासमोर जे लिहून ठेवलं असेल ते बिलावर उमटतं. फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा आला, तर रेषांचा काही गुन्हा नसतो. यादी जुनी असते.

त्या तेरा अंकांबद्दलही बरंच काही सांगितलं जातं. भारतात नोंदवलेले क्रमांक 890ने सुरू होतात. जीएस1 इंडिया ही संस्था 1996 पासून ते देते. अमुक आकड्यांनी सुरुवात म्हणजे माल चिनी, असे संदेश दर दिवाळीला मोबाइलवर फिरतात. त्यात तथ्य नाही. क्रमांक कुठल्या देशात नोंदवला एवढंच त्यावरून कळतं, माल कुठे तयार झाला ते नाही. शेवटचा अंक मात्र मला मनापासून आवडतो, कारण तो पहारेकरी आहे. 8901234567890 घ्या. पहिल्या बारा अंकांतले विषम जागांवरचे अंक मिळवले की 28 होतात. सम जागांवरचे मिळवले की 34, त्यांची तिप्पट 102. एकूण 130. पुढच्या दहाच्या पटीला जायला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून शून्य. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र गप्प बसतं. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा पकडले जातात. त्या दोघांत पाचाचा फरक असेल तरच चूक निसटते.

देवास आणि पीथमपूर इथल्या कारखान्यांना साठ्याची व्यवस्था बसवून देणं हा माझा धंदा. देवासला पंप, गिअर, चामडं, औषधं. पीथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यात, ट्रक, गाड्यांचे सुटे भाग आणि पुन्हा औषधं. बोलावणारा मालक पहिला प्रश्न विचारतो तो स्कॅनरच्या किमतीचा. मी आधी त्याच्या मालाची यादी मागतो. तिला आमच्या धंद्यात मास्टर म्हणतात. ती हाती आली की पुढचे काही आठवडे कशात जाणार ते पहिल्या पाच पानांत कळतं.

6205 हे बेअरिंग बघा. आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, रुंदी 15. पंपापासून वॉशिंग मशीनपर्यंत कुठेही भेटतं. यादीत ते ‘बेअरिंग 6205’ म्हणून असतं, ‘बॉल बेअरिंग 25 बाय 52’ म्हणून असतं आणि कुणा जुन्या स्टोअरकीपरच्या कृपेने ‘पंपवाली बेरिंग’ म्हणूनही असतं. प्रत्येक नावाला वेगळा क्रमांक. एका नावावर चाळीस नग धूळ खात पडलेले, दुसऱ्यावर शून्य, आणि शून्य पाहून खरेदी खातं तातडीने नवा माल मागवतं.

देवासकरांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंपासून इथे दोन गाद्या चालत आल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, खजिने दोन. 1948 मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत हे असंच चाललं. 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून आलेल्या ई. एम. फॉर्स्टरने तो कारभार ‘द हिल ऑफ देवी’मध्ये लिहून ठेवलाय. स्टोअरमध्ये एकाच वस्तूचे दोन क्रमांक सापडले की मी त्यांना थोरली पाती आणि धाकटी पातीच म्हणतो, आणि इथली मंडळी हसून कामाला लागतात.

पण विलीनीकरण डोळे झाकून करता येत नाही. 6205 झेडझेड आणि 6205 टू आरएस ही मापाने जुळी. पहिल्याला पत्र्याची झाकणं, दुसऱ्याला रबराची. ओल्या जागी पहिलं बसवलं की आत पाणी शिरून ते लवकरच खडखडायला लागतं. या दोघांना एका क्रमांकात कोंबणं म्हणजे दुहेरी नोंदीपेक्षा मोठं नुकसान. उलट दोन कंपन्यांच्या खोक्यांवर बारकोड वेगवेगळे असले तरी आतलं बेअरिंग कारखान्याच्या दृष्टीने एकच असू शकतं. तिथे दोन्ही बारकोड एकाच अंतर्गत क्रमांकाला जोडावे लागतात. हा निवाडा संगणकवाल्याने करू नये. मी देखभाल खात्यातला सर्वांत जुना फिटर मागून घेतो आणि यादी घेऊन त्याच्याशेजारी बसतो. व्यवस्थापकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते सगळ्या कामातला खरा खर्च हाच, स्कॅनर त्यापुढे किरकोळ.

त्यानंतर रॅकना पत्ते द्यायचे (ओळ, खण, फळी), म्हणजे वस्तू ‘कोपऱ्यात त्या निळ्या पिंपामागे’ राहत नाही. यात काही नवल नाही, पण चुकवताही येत नाही.

लेबल हा मात्र माळव्यातला खास विषय. साधं थर्मल लेबल उष्णतेनेच काळं होऊन छापलं जातं. दुकानाच्या पावतीचा कागद तोच. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, भट्टीशेजारी ते लेबल सगळंच काळवंडतं आणि रेषा त्यात बुडून जातात. उन्हात ठेवलं तर फिकं पडतं. म्हणून रिबनवाला छापा घ्यायचा. त्यातही मेणाची रिबन तेलकट हाताने पुसली जाते, तेव्हा गिअरच्या खोक्यांना रेझिनची महाग रिबन. तेलात बुडणाऱ्या सुट्या भागांवर कागद टिकतच नाही. तिथे धातूवरच लेसरने डेटा मॅट्रिक्स कोरतात. ठिपक्यांच्या त्या चौकोनात दुरुस्तीची माहिती मुळातच गुंफलेली असते, त्यामुळे थोडा भाग खरवडला तरी वाचता येतो. रेषांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागाही हवी. कागद वाचवायला लेबल काठोकाठ छापणारे लोक मग स्कॅनरला शिव्या देतात.

एवढं सगळं झाल्यावर एक गंमत घडते. रात्रपाळीला दहा खोकी आत येतात. वरची नऊ उचलून स्कॅन करण्यापेक्षा समोरच्या एकाच खोक्यावर दहादा बटण दाबणं सोपं. ‘मशीन ने टीं बोल दिया, मतलब माल आ गया’, असं मला एका हम्मालाने अगदी निरागसपणे सांगितलं होतं. त्याला रागावून उपयोग नसतो. दहाही खोक्यांवर एकच क्रमांक असेल तर यंत्राला फरक कळणार कसा? तो क्रमांक वस्तू कुठल्या जातीची ते सांगतो, ती नेमकी कुठली ते नाही. प्रत्येक खोक्याला स्वतःचा क्रमांक दिला की दुसऱ्या खेपेला यंत्रच सांगतं, हे आधी घेतलंय.

औषधांच्या कारखान्यांत या फरकावर सगळं अवलंबून असतं. तिथे कोडमध्ये वस्तूचा क्रमांक, बॅच आणि मुदत एकापुढे एक येतात, आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याची ओळख सांगणारे अंक असतात: 01 म्हणजे वस्तू, 10 म्हणजे बॅच, 17 म्हणजे मुदत, 21 म्हणजे त्या एका डबीचा क्रमांक. त्यामुळे जिची मुदत आधी संपते ती बॅच आधी बाहेर पाठवता येते, आणि एखादी बॅच परत बोलवायची वेळ आली तर ती कुणाकुणाकडे गेली ते काही मिनिटांत निघतं. 1 ऑगस्ट 2023 पासून आपल्याकडे खपाच्या 300 औषधी ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. उत्पादक, बॅच, मुदत, परवाना क्रमांक हे सगळं त्यात हवं. तापाच्या गोळ्यांची पट्टी घेताना कधी तो मोबाइलने वाचून बघा.

प्रत्येक नगाला वेगळा क्रमांक देणारा देवासमधला सर्वांत प्रसिद्ध कारखाना मात्र बारकोडवाला नाही. तो आहे बँक नोट प्रेस, सत्तरच्या दशकापासून नोटा छापणारा. नोटांच्या शंभराच्या पुडक्यात क्रमांक ओळीने हवेत. मग छपाईत बिघडलेल्या नोटेची जागा कशी भरायची? पूर्वी तोच क्रमांक असलेली दुसरी नोट घालावी लागे. 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने तारांकित नोटा आणल्या: अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये एक छोटी चांदणी. त्या भरपाईच्या नोटा, त्यांच्या पुडक्यात क्रमांक ओळीने असण्याचा हट्ट नाही. बिघडलेल्या मालाची इतकी सुटसुटीत सोय मी दुसऱ्या कुठल्याही उद्योगात पाहिलेली नाही. चांदणीवाली नोट बनावट समजून परत करणारे दुकानदार मात्र अजून भेटतात.

धारमधले छोटे दुकानदार विचारतात, आमच्यासारख्यांनी काय करावं? बाग प्रिंटच्या साड्या विकणाऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत अवघड. बाग हे धार जिल्ह्यातलंच गाव. लाकडी ठशांनी हाताने छापलेलं कापड, लाल तुरटी-अलिझरीनचा, काळा लोखंडाच्या गंजाचा. एकाच ठशाच्या दोन साड्याही तंतोतंत सारख्या नसतात, आणि त्यांवर कुठल्या कंपनीचा बारकोड नसतो. अशा दुकानांसाठी 20 ते 29 या अंकांनी सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेत. दुकानाच्या भिंतींच्या आत ते कुणीही वापरावेत. प्रत्येक साडीला एक क्रमांक द्या. लेबल चिकटवू नका, गोंदाचा डाग कापडावर राहतो. दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. वाचायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. नोंदीत कापड, लांबी, रंग, किंमत यांच्या जोडीला एक रकाना ठसे मारणाऱ्या कारागिराच्या नावाचा ठेवा. गिऱ्हाईक वर्षाने परत येतं आणि जुनी चिठ्ठी दाखवून म्हणतं, याच हातची आणखी एक आहे का? तेव्हा तो रकाना लागतो.