हवेचे वीस किलो

चकाल्याच्या कुरिअरच्या दुकानात खोकं वजनकाट्यावर ठेवलं. आकडा आला ६ किलो १०० ग्रॅम. मी मनातल्या मनात खूश झालो. काउंटरवरच्या मुलाने मात्र काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने खणातून टेप काढला, लांबी ११२, रुंदी ५२, उंची २२ सेंटिमीटर अशी मापं घेतली, तिन्हींचा गुणाकार केला, ५००० ने भागलं आणि म्हणाला, ‘‘काका, सव्वीस किलो लागेल.’’

‘‘अरे, पण सहाच भरलं ना आत्ता?’’

‘‘ते डेड वेट. आपल्याला व्हॉल्यूमेट्रिक लावतात. दोन्हींत जे जास्त ते.’’

‘‘मग वरचे वीस किलो कशाचे?’’

त्याने खोक्यावर टिचकी मारली. आतून घुमल्यासारखा आवाज आला. ‘‘जागेचे,’’ तो म्हणाला.

सव्वीस किलोचे १६,६४० आणि वर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून १९,६३५ रुपये. २०१८ सालचा नोव्हेंबर होता. गिटार जाणार होती कॅनडात, ब्रॅम्प्टनला, माझ्या मुलीकडे.

त्या मुलाचं काही चुकत नव्हतं. विमानाच्या पोटात वजन संपण्याआधी जागा संपते, म्हणून हलक्या आणि फुगीर सामानाला ही शिक्षा. कापूस, उशा, पतंगाच्या कागदाचे कंदील आणि गिटार एका माळेचे मणी. पण गिटार म्हणजे तरी काय? पातळ लाकडाच्या भिंतींमध्ये कोंडलेली हवा. तार छेडल्यावर घुमते ती हीच हवा. ती काढून घेतली तर उरतो पाटा. म्हणजे ज्याच्यासाठी गिटारला गिटार म्हणायचं त्याचंच भाडं तो मुलगा मागत होता. हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं. दुकानात मी फक्त ‘‘विचार करून सांगतो’’ म्हणालो. मराठी माणूस हे वाक्य बोलून दुकानाबाहेर पडला की परत येत नाही, हे त्या मुलालाही ठाऊक असावं.

ही गिटार आमच्या घरी आली तीसुद्धा अशाच एका हिशोबामुळे.

माझा मामा कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होता. त्याच्या खोलीत एक फिलिपिनो फोरमन राहायचा. १९८४ मध्ये त्याचं कंत्राट संपलं. निघताना त्याने चौकशी केली, तर गिटार मनिलाला पाठवायचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. त्याच्या हातात आधीच टेपरेकॉर्डर होता, काखेत ब्लँकेट होतं. शेवटी त्याने ती मामाच्या गळ्यात मारली. मामाने किती दिनार मोजले ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. मामीला कळेल ही भीती मामी गेल्यावरही त्याच्या मनातून गेली नव्हती.

मामाला गिटार वाजवता येत नव्हती. सहार विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने त्याला विचारलं, ‘‘नवी आहे की वापरलेली?’’ मामा म्हणाला, ‘‘वापरलेली.’’ ‘‘मग वाजवून दाखव.’’ त्या काळी गल्फहून येणाऱ्याच्या बॅगेत सोन्याच्या बिस्किटापासून व्हीसीआरपर्यंत काहीही निघायचं, तेव्हा अधिकाऱ्याच्या शंकेत गैर काही नव्हतं. मामाने सहाही तारांवरून अंगठा ओढला. तारा चार महिने जुळवलेल्या नव्हत्या. तो आवाज ऐकून अधिकाऱ्याने खडूने खूण केली आणि म्हणाला, ‘‘जा, वापरलेलीच आहे.’’ ही गोष्ट मामाने आमच्या बोरिवलीच्या घरी किमान चाळीस वेळा सांगितली असेल. दर वेळी तारांचा आवाज तो तोंडाने काढून दाखवायचा.

गिटारच्या पोटात चिठ्ठी चिकटवलेली होती: यामाहा, मेड इन तैवान. केसच्या छोट्या कप्प्यात एक कॅपो होता. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेला लावायचा चिमटा. पट्टी बदलायला लागतो. हा त्या फिलिपिनोचा. त्याच्या रबरावर तारांचे चरे पडले होते, म्हणजे माणूस बरंच गायचा.

गिटार घरी आली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. ती शिकायला आयसी कॉलनीत जायचो. बोरिवली स्टेशनपासून तिथवर चालत गेलं की हवा बदलल्यासारखी वाटायची: बेकरीचा वास, घरांपुढे क्रूस, रविवारी शर्ट-पँट इस्त्री करून निघालेली माणसं. जवळच मंडपेश्वरची लेणी. नटराज आणि लकुलीश कोरलेल्या त्या शैव लेण्यांवर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चर्च आणि मठ बांधला; त्याच्या पडक्या भिंती अजून माथ्यावर उभ्या आहेत. तंतुवाद्यं घेऊन समुद्र ओलांडणं या भागाला तेव्हापासून परिचयाचं असावं. त्यांना कुणी व्हॉल्यूमेट्रिक लावलं नसणार.

गिटार शिकवणारे सर ईस्ट इंडियन होते. म्हणजे मुंबईचे मूळचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. आमची मराठी ऐकून ते हसायचे आणि त्यांची ऐकून आम्ही. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, तसं मी सांगितलं. सर म्हणाले, ‘‘दुखतान तर दुखू दे.’’ शिकवण्याची त्यांची पद्धत एवढ्या चार शब्दांत आली. गिटारच्या मानेवरचं काळपट लाकूड नखाने खरवडून त्यांनी मला विचारलं, हे काय आहे ते सांग. मला सांगता येईना. ‘‘तुमच्या आजीच्या पलंगाचं लाकूड,’’ ते म्हणाले. शिसव!

आजीचा शिसवी पलंग आमच्या गावच्या घरी होता, चार माणसांनाही न हलणारा. यामाहाच्या भाषेत त्याच लाकडाचं नाव रोझवूड. सह्याद्रीच्या रानातली शिसव जगभरातल्या गिटारींच्या मानेवर आणि पाठीवर बसलेली असते. आमचा तुकडा कुठल्या रानातला ते कोण सांगणार. पण तो घाटातून तैवान, तैवानहून कुवेत आणि कुवेतहून बोरिवली असा फिरून आला असेल, या कल्पनेने मी तेव्हा फार भारावलो होतो. सतराव्या वर्षी भारावायला एवढं पुरतं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. मामा आणि त्याच्यासारखे हजारो भारतीय बसने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने इराकमार्गे जॉर्डनला पोचले. एअर इंडियाने अम्मानहून मुंबईला ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक माणसं आणली. मामा त्यांतलाच एक. सहारला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात रेक्झिनची एक पिशवी होती, आणि तीही अर्धी रिकामी. फ्रीज, शिलाई मशीन, टीव्ही, मामीसाठी घेतलेली भांडी सगळं तिथेच राहिलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाचे फॉर्म आले. काय काय गमावलं त्याची यादी करायची होती. मामा आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून आठवून आठवून लिहायचा आणि मध्येच भिंतीवर टांगलेल्या गिटारकडे बघायचा. ती यादीत येत नव्हती. दहा वर्षांच्या कुवेतमधून घरी शाबूत पोचलेली मोठी वस्तू तेवढीच, आणि तीही त्याला वाजवता न येणारी.

माझं वाजवणं बँकेत लागल्यावर सुटलं. ८:०७ च्या लोकलने जायचं आणि रात्री साडेआठला परतायचं, त्यात गिटार कुठे बसवणार? ती उतरवली माझ्या मुलीने, सहावीत असताना. सर तेव्हा गेलेले होते, तिला मीच पहिल्या तीन पट्ट्या शिकवल्या आणि चौथीला ती माझ्या पुढे गेली. पुढची दहा वर्षं आमच्या घरात वाजणाऱ्या प्रत्येक चुकीच्या सुराची मालकी तिची होती. २०१६ मध्ये लग्न होऊन ती कॅनडाला गेली. दोन वर्षांनी फोनवर म्हणाली, ‘‘बाबा, बाळ यायच्या आत गिटार पाठवा ना.’’

मी आधी समुद्राचा रस्ता चाचपला. न्हावाशेव्याहून कंटेनरमध्ये सुटी जागा मिळते, पण भाडं निदान एका घनमीटरचं द्यावं लागतं. माझ्यासारखी सात खोकी त्यात मावली असती. मग कुणीतरी शिसवीची भीती घातली. ते खोटं नव्हतं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या अख्ख्या कुळाचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित झाला होता आणि जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते. खरं तर विक्रीसाठी नसलेल्या, दहा किलोच्या आतल्या मालाला सूट होती. पण हे मला कळलं तसं कुरिअरच्या प्रत्येक माणसाला कळलेलं असेलच असं नाही. (तयार वाद्यांना या कटकटीतून मोकळीक मिळाली २०१९ च्या नोव्हेंबरात. आमची गिटार तोवर थांबली असती तर बारसंही उरकलं असतं.)

तरी माझं नशीब म्हणायचं की वस्तू बाहेर जात होती. मुलुंडला माझे साडू राहतात, त्यांच्या मुलाने त्याच सुमारास अमेरिकेतून गिटार मागवली. घरगुती वापरासाठी मागवलेल्या मालावर तेव्हा मूळ कर, त्यावर अधिभार, त्यावर २८ टक्के आयजीएसटी, असं चढत चढत जायचं. शिवाय हा कर नुसत्या किमतीवर नाही, भाड्यावर आणि विम्यावरही. पोराने सहा महिने हप्ते भरले. माझे साडू अजून त्या गिटारला ‘सूनबाई’ म्हणतात, घरात आणायला तेवढाच खर्च आला म्हणून.

शेवटी मार्ग आपला जुनाच निघाला. मराठी माणसाचं खरं आंतरराष्ट्रीय कुरिअर म्हणजे ‘कुणी जातंय का?’ मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पंचांग ही सगळी ओळखीच्या-अनोळखीच्या बॅगांमधून न्यू जर्सी आणि लंडनला पोचत असतात. गिटार मात्र कुणाला देणार? आणि जाणारे होतो आम्हीच. मुलीच्या बाळंतपणासाठी डिसेंबरात निघायचं होतं. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, म्हणजे दोघांच्या मिळून चार.

‘‘एक बॅग गिटारची?’’ बायको म्हणाली. ‘‘तेवीस किलो म्हणजे किती ते कळतं का? डिंकाचे लाडू, अळीव, खारीक पूड, बाळंतशोपा, ओवा. बाळंतिणीला काय, तारा खायला घालणार?’’

मी व्हॉल्यूमेट्रिकबद्दल सांगून पाहिलं. तिने वेगळंच ऐकलं. ‘‘म्हणजे आत सगळी पोकळच आहे?’’ तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तारा सैल करत होतो. प्रवासात त्या पूर्ण ताणलेल्या ठेवू नयेत. सहा तारांचा मिळून ताण सत्तरएक किलोचा असतो आणि धक्का बसला तर मान मोडते. बायको शेजारी येऊन बसली. मांडीवर दुपट्यांची चळत. माझ्या आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांची तिने शिवलेली. गिटारच्या पोटाचं भोक चार बोटं रुंद असतं. तिने एकेका दुपट्याची सुरळी केली आणि तारा बाजूला सारून आत घातली. आठ दुपटी गेली. मग केसमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना अळिवाच्या पुड्या बसल्या. कॅपोच्या कप्प्यात बाळाच्या कमरेच्या करगोट्याची डबी हवी म्हणून तिने कॅपो बाहेर काढून टेबलावर ठेवला. चकाल्याच्या मुलाने ज्या हवेचे पैसे लावले होते तिच्यातला मूठभर कोपराही तिने वाया जाऊ दिला नाही.

विमानतळावर केस मोजली: लांबी, रुंदी, उंची मिळून १६३ सेंटिमीटर. मर्यादा १५८. त्या पाच सेंटिमीटरची पावती मी ठेवली आहे, आकडा बायकोला अजून ठाऊक नाही. मामाच्या कुळातला आहे मी.

टोरांटोला उणे चौदा होतं. मुंबईच्या चौतीस पावसाळ्यांनी फुगलेलं लाकूड कॅनडाच्या हीटरच्या कोरड्या हवेत एकदम उघडलं तर तडकतं, म्हणून केस एक दिवस बंद ठेवायची असते. बायकोला दुपटी ताबडतोब हवी होती. घरात पहिलं भांडण त्यावरून झालं आणि मी जिंकलो, चोवीस तासांपुरता. नंतर पोळ्यांच्या चिमट्याने एकेक सुरळी बाहेर काढली. हिवाळ्याअखेर ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीच्या, खाली बोटभर तडा गेलाच. जावयाने सरस भरून घेतला. आवाज बिघडला नाही, असं मुलगी म्हणते. मला फोनवर नीट कळत नाही.

कॅपो मात्र बोरिवलीच्या टेबलावरच राहिला. आता मुलीला हवा आहे. नवा तिथे मिळतो, पण तिला तोच पाहिजे. वजन साठ ग्रॅम, खिशात मावतो, व्हॉल्यूमेट्रिक लागणार नाही. ब्रॅम्प्टनच्या बाजूला कुणी जात असेल तर कृपया कळवा.