फ्रेंडशिपच्या जत्रेतील ठासणीची बंदूक

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात फ्रेंडशिप नावाचे एक चिमुकले खेडे आहे. एरवी त्याची दखल कोणी घेतली नसती; परंतु वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, ह्या मैत्रीच्या नावाच्या गावी दूरदूरची माणसे बंदुका घेऊन जमतात. ह्या बंदुका आजच्या नव्हेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची आणि गजाने ती तळापर्यंत ठासायची, अशा जुन्या पद्धतीच्या त्या ठासणीच्या बंदुका. त्यांच्या चाहत्यांची राष्ट्रीय संस्था १९३३ साली स्थापन झाली आणि तिचे नेमबाजीचे मैदान ह्याच गावी आहे. सामने चालू असताना मैदानालगत बाजार भरतो व त्यात जुन्या बंदुकांची खरेदी-विक्री होते.

मुलीकडे सिनसिनाटीला मुक्काम असताना तो बाजार पाहण्याचा योग आला, तो तिच्या शेजाऱ्यांमुळे. हे गृहस्थ निवृत्त सुतार. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे मोजके, हात मात्र अद्याप रंधा धरणाऱ्याचे. मी शाळामास्तर आहे हे कळल्यापासून ते मला ‘प्रोफेसर’ म्हणू लागले व मी कितीही सांगितले तरी तो किताब त्यांनी परत घेतला नाही. त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाला नेमबाजीचा नाद लागला होता. त्याच्यासाठी एखादी वापरलेली, पण चांगली बंदूक चारशे डॉलरांच्या आत मिळाली तर पाहावी, असा त्यांचा बेत होता. “चला प्रोफेसर, एक दिवस शाळेत बसा,” असे म्हणून त्यांनी मला गाडीत बसवले.

वाट मोठी रम्य. ओहायो नदीच्या काठाने लॉरेन्सबर्ग आणि ऑरोरा ही गावे मागे टाकली, की रस्ता नदी सोडून टेकड्यांत शिरतो. डिल्सबरोपुढे ६२ क्रमांकाचा रस्ता मक्याच्या शेतांतून आणि दाट झाडीतून वळणे घेत लॉफरी नावाच्या ओढ्यापाशी उतरतो. ह्या ओढ्याच्या नावात एक रक्तरंजित आठवण दडलेली आहे. कर्नल आर्चिबाल्ड लॉक्री सुमारे शंभर माणसे घेऊन ओहायो नदीतून चालला असता, २४ ऑगस्ट १७८१ रोजी ह्या ओढ्याच्या मुखाजवळ मोहॉक नेता जोसेफ ब्रँट ह्याने त्याला गाठले. लॉक्रीच्या तुकडीतील एकही माणूस सुटला नाही. जे मेले नाहीत ते कैद झाले. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही सारी भूमी मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतली आणि पराभूत कर्नलचे नाव तेवढे अपभ्रंश होऊन पाण्याला चिकटून राहिले. आज त्याच ओढ्याकाठी जे बार निघतात ते केवळ कागदी लक्ष्यांवर, ही काळाची कृपाच म्हणावयाची.

मैदानावर पाऊल टाकले आणि दिवाळीच्या पहाटेचा वास आला. पांढऱ्या धुराचे लोट हवेत तरंगत होते. ही काळी दारू म्हणजे आपली परिचित त्रिमूर्तीच: सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. एका बाजूला तंबूंचे गावच वसले होते. तेथे हरणाच्या कातड्याचे अंगरखे ल्यालेले पुरुष आणि झालरीच्या टोप्या घातलेल्या स्त्रिया चुलीवर स्वयंपाक करीत होत्या. दोनशे वर्षांपूर्वीची वेशभूषा केल्यावाचून त्या भागातील स्पर्धेत उतरता येत नाही. ह्या हौसेला नाटकी म्हणून हसावे असे क्षणभर वाटले. पण चकमकीने आगटी पेटविणाऱ्या एका आजीबाईंची तन्मयता पाहिली आणि हसू आपोआप मावळले.

ठासणीची बंदूक आपल्याला काही परकी नाही. खानापूर-चंदगडच्या रानालगत ज्यांची शेती आहे त्यांना रानडुकरांचा आणि गव्यांचा उपद्रव सांगावयास नको. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो अशाच शेतकऱ्यांसाठी. आपल्या भाषेत तर तिचा बार अजून निघतोच आहे. आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो. कोणाची वल्गना पोकळ ठरली की तिला फुसका बार म्हणतो. फरक एवढाच, की आपल्याकडे ही बंदूक परवान्यावाचून बाळगणे हा गुन्हा आहे, तर अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याच्या व त्यातील पुढील दुरुस्तीच्या व्याख्येनुसार ठासणीची बंदूक ही बहुधा ‘बंदूक’ ठरतच नाही. काही राज्यांचे नियम कडक आहेत. परंतु इंडियानाच्या त्या बाजारात लाकडी बाकांवर ती बैलांच्या झुलींसारखी मांडून ठेवलेली होती.

एवढ्या वापरलेल्या बंदुका विकावयास येतात कोठून, असे मी विचारले. सुतारबाबांनी चालता चालता इतिहास सांगितला. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकॅस्टर परिसरात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, नळीत पीळदार खाचा असलेली रायफल घडविली. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व नेम साधतो. एकोणिसाव्या शतकात सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंनी डोंगराळ पश्चिमेकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी आखूड आणि दणकट रायफली केल्या. पुढे काडतुसे आली आणि ही विद्या मागे पडली. १९७० साली एका अमेरिकन कारखान्याने हॉकेनच्या नावाची नवी रायफल बाजारात आणली आणि हौशी लोकांची एकच झुंबड उडाली. पण १९८५ साली टोनी नाइट ह्या कारागिराने आधुनिक बांधणीची, साफ करावयास सोपी अशी ठासणीची रायफल काढली. शिकारी तिच्याकडे वळले आणि हजारो घरांतील जुन्या धाटणीच्या रायफली माळ्यावर गेल्या. “त्यांतल्या काही सोने आहेत आणि काही गंजलेले पाइप,” सुतारबाबा म्हणाले. “बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.”

त्याचा प्रत्यय पहिल्याच दुकानी आला. तेथील एक रायफल पाहताच डोळे निवले. अक्रोडाचा दस्ता आरशासारखा लखलखीत, पितळी सामान नुकतेच घासलेले, किंमत साडेतीनशे डॉलर. सुतारबाबांनी गजाला पांढरी चिंधी लावून ती नळीत फिरविली. गज खाली जाता जाता तळाशी अडखळू लागला. चिंधी बाहेर आली ती तांबूस गंजाने माखलेली. जळालेल्या काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते. बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावले नाही, तर नळी आतून कुरतडली जाते. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बाहेरून पॉलिश केले होते आणि आत पाणी घालण्याचा मात्र आळस केला होता. “दिसते तसे नसते,” ह्या आपल्या म्हणीचा अर्थ मी त्यांना इंग्रजीत सांगितला. त्यांनी ती दोनदा म्हणवून घेतली.

दुसरा प्रसंग मात्र मनावर कायमचा कोरला गेला आहे. झाडाखाली एक वृद्ध बाई एकच रायफल मांडून बसल्या होत्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्या घर आवरीत होत्या. रायफल सडपातळ, मेपल लाकडाची, दस्त्यावर बारीक चांदीकाम. बाईंनी तीनशे डॉलर सांगितले आणि लगेच “अडीचशेही चालतील,” असे पुस्ती जोडली. सुतारबाबांनी प्रथम आपला नेहमीचा विधी केला. गज नळीत पूर्ण सोडून तोंडापाशी बोटाने खूण धरली. मग गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून पाहिला. त्याचे टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत पोचावयास हवे होते. ते दीड-दोन इंच अलीकडेच थांबले. त्यांनी पुन्हा मोजले. मग नळीचे तोंड मोकळ्या उताराकडे वळवून ते अगदी हळू म्हणाले, “बाई, ही भरलेली आहे.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “माझी नातवंडे हिच्याशी शिपाई-शिपाई खेळत आली आहेत,” एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षे लोटली तरी मरत नाही. सुतारबाबांनी मैदानावरील एका अधिकाऱ्यास बोलाविले. त्याने छिद्राला एक लहानसे यंत्र लावून वायूच्या दाबाने गोळी व दारू बाहेर ढकलली. हातभर अंतरावर जमिनीवर पडलेली ती करडी गोळी आणि चिमूटभर काळे दाणे आम्ही सारे मुकाट्याने पाहत राहिलो.

बाई म्हणाल्या, “तुम्हीच घेऊन जा. शंभर द्या, नाहीतर काहीच देऊ नका. मला ती घरात नको.” नळीत उजेड सोडून पाहिले तर आतून ती स्वच्छ होती. नळीच्या वरच्या पैलूवर कारागिराची कोरीव सही होती. बंदूक हातघडणीची होती, आणि अशा चांगल्या कारागिराच्या कामाला हजारो डॉलर पडतात हे त्या बाजारात लहान मुलासही ठाऊक. सुतारबाबांच्या खिशात चारशे डॉलर होते आणि समोरची बाई ती वस्तू जवळजवळ फुकट द्यावयास निघाली होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी रायफल उचलून एकदा खांद्याला लावली, दस्त्यावरून हात फिरविला आणि खाली ठेवली.

“आज ही कोणालाच विकू नका,” ते म्हणाले. “भीती होती ती आता बाहेर पडली आहे. ही सही ओळखणारे लोक येथेच आहेत. दोघांना दाखवा, दोन किमती ऐका, मग ठरवा.” त्या अधिकाऱ्यानेही मान डोलावली आणि तो बाईंना माहितगारांकडे घेऊन गेला.

पुढे चालताना मी विचारले, “इतका स्वस्त सौदा सोडून दिलात?” ते म्हणाले, “प्रोफेसर, विकणाऱ्याला वस्तू ठाऊक आहे, घेणाऱ्यालाही ठाऊक आहे, आणि तरी किंमत कमी ठरली, तर तो सौदा. एकालाच ठाऊक असेल, तर त्याला आमच्या गावी दुसरे नाव आहे.” ते दुसरे नाव आपल्याही गावी आहे, ते उच्चारण्याची गरज पडली नाही.

अखेर तिसऱ्या प्रहरी हवी ती मिळाली. हॉकेन धाटणीचीच, दस्ता ओरखड्यांनी भरलेला, पितळ काळवंडलेले. सबंध बाजारात एवढी कुरूप दुसरी नसेल. पण चिंधी स्वच्छ बाहेर आली आणि दिव्याच्या उजेडात नळीतील खाचा धारदार दिसल्या. घोडा अर्ध्यावर चढवून चाप दाबला, तर तो ठाम राहिला. ज्या पाचरीने नळी दस्त्याला जखडलेली असते ती काढून त्यांनी लाकूड आतूनही तपासले. विकणारा स्वतःच म्हणाला, “दस्त्याच्या मानेला केसाएवढी चीर आहे. दाखवतो. आणि दारूची टोपी ज्यावर बसते ते बोंडही झिजले आहे, नवे घालावे लागेल.” त्याने चारशे सांगितले होते, सुतारबाबांनी सव्वातीनशे म्हटले. दोघांनी थोडा वेळ हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि तीनशे पन्नासवर हस्तांदोलन झाले. चीर सांधणे हे सुतारासाठी तासाभराचे काम, हे विकणाऱ्यालाही दिसत होते. म्हणूनच त्याने हसून आणखी एक पिशवीभर गोळ्या वर दिल्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी शेजारच्या अंगणात नातू बादलीभर गरम पाणी घेऊन बसला होता. नळीचे बूड पाण्यात बुडवून गज वरखाली करण्याचा धडा चालला होता. बंदूक अद्याप एकदाही उडविली नव्हती. आधी धुवावयास शीक, मग उडवावयास, असा आजोबांचा दंडक. मुलाने कुरकुर केली नाही. गजावर नळीच्या खोलीची खूण त्याने स्वतःच्या हाताने कोरून घेतली होती. आत काही शिल्लक आहे काय, हे हातात घेताच पाहावयाचे, मग बंदूक कोणाचीही असो आणि देणारा काहीही म्हणो, हा त्याचा पहिला पाठ होता.

आपण बाजारात जातो तेव्हा किती पैसे वाचले ह्यावरून सौद्याची योग्यता ठरवितो. फ्रेंडशिपच्या त्या बाजारात मला दिसले ते निराळे. वस्तूचे अंतरंग पाहण्याची विद्या हे घेणाऱ्याचे खरे भांडवल आहे; ज्याच्यापाशी ते आहे त्याला कुरूप दस्त्याआडची निर्मळ नळी अल्प मोलात लाभते. मात्र ते भांडवल कोणाविरुद्ध वापरावयाचे नाही, हे ठरविण्याची वेळही त्याच्यावरच येते. त्या वृद्ध बाईंची रायफल कितीला गेली ते आम्हांस कळले नाही. सुतारबाबांनी त्याची चौकशीही केली नाही.