११६वा रस्ता आणि सोमवारच्या वेण्या

न्यूयॉर्क म्हटलं की टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवता आणि ब्रुकलिन ब्रिजवरचा फोटो हे ठरलेलंच. पण या शहरातल्या नोकरदार मुली सोमवारची तयारी कशी करतात हे बघायचं असेल, तर शनिवारी सकाळी अपटाउनला जाणारी २ किंवा ३ नंबरची ट्रेन पकडायची. टाइम्स स्क्वेअरनंतरचं चौथं स्टेशन, ११६वा रस्ता. जिना चढून वर आलं की कोपऱ्यावर मशिदीचा मोठा हिरवा घुमट दिसतो. तिथून पश्चिमेकडे चालू लागायचं. हार्लेममधला हा पट्टा म्हणजे 'लिटल सेनेगल'. कानावर वोलोफ आणि फ्रेंच, नाकात तळलेल्या माशांचा वास आणि थोड्या थोड्या अंतरावर एकच पाटी... हेअर ब्रेडिंग!

मी तिथे गेले ती ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर. ती आफ्रिकन-अमेरिकन, आमच्या प्रोजेक्टची सीनियर ॲनालिस्ट. सोमवारी टीम लीडच्या पदासाठी तिचं पॅनेलसमोर प्रेझेंटेशन होतं. "सूट तयार, स्लाइड्स तयार. आता फक्त डोकं तयार करायचंय," ती म्हणाली.

झाकली मूठ!

तिचे केस मध्यम लांबीचे. म्हणजे एक बट ओढून धरली तर खांद्याला टेकते, सोडली की टुणकन उडी मारून कानाशी! स्प्रिंगसारखे बारीक वळणाचे केस असले की हे असंच. आपल्या डोक्यातलं नैसर्गिक तेल सरळ केसांवरून सहज खाली घसरतं. इथे मात्र ते प्रत्येक वळणावर अडकतं आणि टोकं कोरडी पडतात. त्यात रोज कंगवा, ड्रायर, इस्त्री चालवली तर केस वळणावरच तुटतात. म्हणून 'प्रोटेक्टिव्ह स्टाइल'. केस वेण्यांमध्ये किंवा दोन पेडांच्या पिळांमध्ये गुंफायचे, टोकं आत दडवायची आणि काही आठवडे त्यांना हातच लावायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, वेणीच ना, त्यात काय मोठंसं? आपल्याकडे तेल लावून दोन घट्ट वेण्या घालणं म्हणजे शहाण्या मुलीचं लक्षण. शाळेत तर केस मोकळे सोडले की ओरडा बसायचा. अमेरिकेतल्या ऑफिसांत गणित नेमकं उलटं होतं. तिच्या पहिल्या नोकरीत साहेबांनी गोड शब्दांत सुचवलं होतं, क्लायंटसमोर जाताना केस जरा 'नीट' असावेत. नीट म्हणजे सरळ. मग कित्येक वर्षं तिने दर दोन महिन्यांनी केमिकल लावून केस सरळ केले. कानशिलाजवळचे विरळ झाले, तेव्हा थांबली.

कोर्टात गेलेल्या वेण्या

हे फक्त तिच्यापुरतं नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी रेनी रॉजर्स यांना कामावर बारीक वेण्या घालायला मनाई झाली आणि त्या न्यूयॉर्कच्याच फेडरल कोर्टात गेल्या. कंपनीने सुचवलेली तडजोड काय, तर कामाच्या वेळेत वेण्यांचा अंबाडा घाला आणि तो खोट्या केसांनी झाका! १९८१ मध्ये कोर्टाने वेण्यांवरच्या बंदीचा नियम ग्राह्य धरला. केशरचना काय, सहज बदलता येते, हा त्यामागचा तर्क. २०१० मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात चॅस्टिटी जोन्स यांना मिळालेली नोकरी हातची गेली, कारण त्यांनी आपले जटांसारखे लॉक्स कापायला नकार दिला. २०१६ मध्ये अपील कोर्टानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला.

वारं फिरलं ते २०१९ मध्ये. फेब्रुवारीत न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने केसांवरून केलेला भेदभाव हा वर्णभेदच, असं स्पष्ट केलं. जुलैमध्ये आधी कॅलिफोर्नियाने आणि लगेच न्यूयॉर्क राज्याने तसा कायदा केला. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं. "कायदा माझ्या बाजूने आहे, पण पॅनेलच्या डोळ्यांत काय असेल ते कायद्याला कुठे ठाऊक?" मैत्रीण म्हणाली. म्हणूनच दर मोठ्या मीटिंगच्या आधी तिच्या मनात हाच हिशेब चालतो. इस्त्री करून सरळ करू, की वेण्या घालू?

खुर्चीत सहा तास

या वेळी वेण्यांनी बाजी मारली. दुकान चिंचोळं, भिंतीवर आरसे, कोपऱ्यात टीव्हीवर फ्रेंच बातम्या. वेण्या घालणाऱ्या बाई डाकारच्या. मैत्रीण त्यांना 'आंटी' म्हणते. आंटींनी पहिला प्रश्न विचारला, "ऑफिससाठी?" आणि पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरलं. रंग काळाच, जाडी पेन्सिलीएवढी, लांबी खांद्याच्या जरा खाली, म्हणजे मागे बांधताही येतील. प्रकार 'नॉटलेस'. यात मुळाशी गाठ मारत नाहीत. सुरुवात स्वतःच्याच केसांनी होते आणि जोडकेस हळूहळू मिसळत जातात, त्यामुळे मुळांवर ताण कमी येतो. कपाळाजवळचे कोवळे केस आंटींनी मुद्दाम सैल ठेवले. "दुखलं तर लगेच सांग. दुखतंय म्हणजे घट्ट झालं," त्या म्हणाल्या. माझ्या आजीने हे ऐकायला हवं होतं! तिने वेणी घातली की भुवयासुद्धा वर ओढल्या जायच्या. असा ताण रोज पडला तर कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते आणि काही वेळा कायमची.

जोडकेस बहुतेक वेळा सिंथेटिक असतात. शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात, की झाली वेणी पक्की! खरे केस हवे असतील तर १२५व्या रस्त्यावरच्या ब्यूटी सप्लायच्या दुकानांत पाकिटं टांगलेली दिसतात. त्यातल्या कित्येकांवर लिहिलेलं असतं 'इंडियन हेअर'. तिरुपतीला अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो आणि ते जगभर विग आणि विव्ह बनून फिरतात. "म्हणजे तुमच्या देवाचे केस आमच्या डोक्यावर," म्हणत मैत्रीण खो खो हसली.

मधल्या सुट्टीत मी शेजारच्या हॉटेलातून चेबूजेन आणलं. सेनेगलचा हा मासे घातलेला मसालेदार भात कोकणातल्या माणसालाही परका वाटणार नाही. सोबत बिसाप, म्हणजे चक्क आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत!

संध्याकाळी चार वाजता आंटींनी हातात आरसा दिला. मैत्रिणीने मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, वेण्या मागे बांधून पाहिल्या आणि आपल्या प्रेझेंटेशनचं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवलं. दुकानातल्या चार अनोळखी बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी पॅनेलमधल्या कुणीही केसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. प्रश्न आले ते बजेटवर आणि डेडलाइनवर. "मला एवढंच हवं होतं," ती म्हणाली. निकाल लागायला तीन आठवडे लागले. वेण्या तेव्हाही जशाच्या तशा होत्या, आणि पद तिला मिळालं.

जाणार असाल तर...

- शनिवारी दुकानांत गर्दी असते. वेळ आधी ठरवा आणि दर, लांबी, जाडी बसण्याआधीच बोलून घ्या.
- वेण्या सहा ते आठ आठवडे ठेवा, त्याहून फार लांबवू नका. मधे टाळू पातळ केलेल्या शाम्पूने धुवा. रात्री सॅटिनची टोपी घाला, कारण कॉटनची उशी केसांतला ओलावा शोषून घेते.
- ट्रेनने आणखी दोन स्टेशनं पुढे, १३५व्या रस्त्याला उतरा. जवळच १३६व्या रस्त्यावर काउंटी कलन लायब्ररी आहे. केसांच्या उत्पादनांवर उद्योग उभा करणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांचं घर याच जागेवर होतं.
- कुणाच्याही वेण्यांना न विचारता हात लावू नका. छान दिसतायत म्हणा, तेवढं पुरे!